डहाणू ते उधवा, व्हाया झाई: कप्पेच कप्पे आणि आडवे आप्पा

हल्ली ज्याला त्याला गाडीमागे घर जोडून फिरायचंय. परवा आमचा भाचाही विचारत होता, "मामी, तुम्ही म्हणे नव्वदच्या सुमारास ट्रेलर घेऊन फिरला होतात? आम्ही आमच्या ट्रेलरला आतून कप्पे करतोय, जरा टिप्स द्या ना." घे बाबा टिप्स. तुझ्यासारख्या इतर हौशी जिवांच्याही उपयोगी पडतील म्हणून इथेच लिहून टाकते.

तेव्हा आम्ही डहाणूला राहायचो. मी शाळेत शिकवायचे आणि आमचे हे रेल्वेत सिग्नल खात्यात होते. माझे सासरे, आप्पा, रेल्वेतूनच गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांची पाठ कामातून गेली होती. पाच-दहा मिनिटांवर बसवायचं नाही, की लगेच आडवं व्हायला लागायचं. त्यांची एकच बहीण, सोना आत्या, तलासरीच्या पुढे उधव्याला दिलेली. भातशेतीवालं घर. आत्यांना दमा, त्यांना गाव सोडवेना. आप्पांना एसटीत बसवेना. कित्येक दिवाळ्या भाऊबीज झालीच नव्हती. त्या वर्षी गणपतीत आप्पा एकदम म्हणाले, "मला एकदा सोनाकडून ओवाळून घ्यायचंय. कसंही करून न्या मला." इतकं सरळ काही मागणारा माणूस नव्हता तो.

मी म्हटलं, एक टेम्पो करू, त्यात गादी टाकू, आप्पांना झोपवू, मी उशाशी बसते. विषय संपला असता. पण आमच्या यांना सोपं काही सुचलं असतं तर मी आज हे लिहीत बसले असते का?

यांनी कुठल्याशा मंडपवाल्याकडून वरातीत जनरेटर ओढायची दोन चाकांची जुनी ट्रॉली आणली. मित्राची जीप मिळणार होतीच. जीपमध्ये आप्पा मावत नव्हते, चांगले उंच होते ते. "आप्पांसाठी चालता-फिरता डबा करतो," हे म्हणाले. झालं! नवरात्रापासून अंगणात ठाकठूक सुरू झाली ती दिवाळीचा फराळ तळून झाला तरी चालूच.

चिकूच्या रिकाम्या पेट्या आपल्याकडे काय, पैशाला पासरी. त्यांची खोकी जोडून दोन्ही बाजूंना कप्पे केले. चहा-साखरेचा कप्पा, स्टोव्हचा कप्पा, आरशामागे दाढीच्या सामानाचा कप्पा. बिजागऱ्यांवर खाली पडणारं टेबल, तोटी बसवलेला पाण्याचा कॅन, बॅटरीवर फिरणारा पंखा, माझ्या बऱ्यापैकी नव्या साडीचे पडदे! मधे उरलेल्या बोळकांडीत आप्पांची बर्थ आणि तिच्याखाली हत्यारांचा कप्पा. रेल्वेतला माणूस, त्याने मापही रेल्वेच्या बर्थचंच घेतलं. गादीला रेक्झिन लावून ती खाली फळीला स्क्रूने आवळून टाकली, "हलायला नको" म्हणून. आणि सगळ्यात लाडका तो माळा! बर्थच्या बरोब्बर वर, आप्पांच्या छातीपासून हातभर अंतरावर, इकडून तिकडे आडवा माळा. बोल्ट असे मारलेले की "हत्ती लटकला तरी निघायचा नाही."

"अहो, आप्पांनी उठून बसायचं कसं?" मी विचारलं.

"त्यांना बसवत नाही म्हणून तर झोपायची सोय केली! बसायचं कशाला?"

आप्पा खाटेवरून सगळं बघत होते. मला हळूच म्हणाले, "सूनबाई, यात मला ठेवायची जागा आहे ना गं?"

पाडव्याला निघालो. सरळ तलासरी गाठून उधव्याला जायचं सोडून यांना आधी झाईला समुद्रकाठी मुक्काम करायचा होता, "कँपिंगची ट्रायल" म्हणून. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. ट्रेलरमध्ये माणूस बसवून नेऊ नये हे आज सगळ्यांना कळतं. तेव्हा आम्हाला कळत नव्हतं आणि अडवायलाही कुणी आलं नाही. मी मागच्या फळक्याशी पाय दुमडून बसले आणि आप्पांना डोक्याकडून आत सरकवलं. पत्र भरतात तसं.

डहाणू-बोर्डी रस्ता आजही जरूर करा. एका बाजूला वाड्या, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडं आणि मधून मधून समुद्र. मला त्यातलं काही दिसलं नाही. घोलवडच्या अलीकडे पहिला खड्डा आला आणि डाव्या बाजूचे सगळे कप्पे एका दमात बाहेर आले. चिकूची पेटी एकदा मुंबईला जाण्यापुरती ठोकलेली असते, तिच्या खिळ्यांकडून जन्मभराची अपेक्षा करू नये. साखर आप्पांच्या अंगावर आणि दाढीचा ब्रश माझ्या मांडीत. तर टीप पहिली: कप्प्याला कडी लावा. टीप दुसरी: जड सामान चाकांच्या वर ठेवा. पाण्याचा भरलेला कॅन यांनी पार मागे टांगला होता, त्यामुळे ट्रेलर सबंध रस्ताभर दारू प्यायल्यासारखा झुलत होता आणि आप्पा आत कण्हत होते.

झाईला बंदराजवळ थांबलो. बांबूंवर बोंबील वाळत होते. एक मासेवाली टोपली घेऊन ट्रेलरभोवती एक फेरी मारून आली.

"आ बरफनी गाडी छे के?" तिने मला गुजरातीत विचारलं, ही बर्फाची गाडी का म्हणून.

"नाही हो, यात आमचे सासरे आहेत."

तिने पडदा सारून आत बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, बरफात ठेवतात तरी मोकळं ठेवतात! याला बाहेर काढ." तिच्याकडून ताजे बोंबील घेतले. स्टोव्हचा कप्पा जाम झाला होता, म्हणून तिच्याच चुलीवर तळले. त्याची चव अजून जिभेवर आहे. यांच्या किचनचं उद्घाटन मात्र राहिलं ते राहिलंच. आप्पांना यांनी पायाला धरून बाहेर ओढलं, तेव्हा ते कळवळले. रात्री आम्ही त्यांना त्या बाईंच्या पडवीत झोपवलं. कँपिंगची ट्रायल करायला ट्रेलरमध्ये हे एकटेच झोपले आणि सकाळी मान वाकडी करून उठले.

भाऊबीजेला सकाळी तलासरीला हायवेला लागलो. तिथल्या टपरीवर वडा-उसळ छान मिळाली, ट्रकवाले जिथे गर्दी करतात तिथेच खावं. पुढे उधव्याचा रस्ता तेव्हा नावालाच रस्ता होता. पालघर जिल्हासुद्धा नव्हता, आम्ही ठाणे जिल्ह्याच्या पार शेपटाला. दोन्हीकडे कापलेली भाताची शेतं, पेंढ्याच्या उडव्या, मागे डोंगर, हवा सुरेख. आणि आतून आप्पांचा आवाज, "आलं का? आलं का रे?" प्रत्येक दणक्याला त्यांची पाठ जास्तच धरत होती. उधवा येईपर्यंत त्यांना कूसही बदलता येईना.

आत्या दारातच उभ्या होत्या. वाळून काटकी झालेल्या. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, भावाला ओवाळल्याशिवाय काही खाणार नव्हत्या. अंगणात पाट मांडलेला, भोवती रांगोळी. आणि त्यांचा भाऊ ट्रेलरमध्ये अडकलेला! पायाला धरून ओढलं की ओरडायचा. गादीसकट काढावं, तर गादी स्क्रूने आवळलेली. स्क्रू काढावेत, तर पान्हे-पेचकस हत्यारांच्या कप्प्यात, तो कप्पा बर्थखाली, आणि बर्थवर आप्पा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते उगीच नाही.

यांनी त्यावरही तोडगा काढला. "आत्या, तुम्हीच आत या. झोपल्या झोपल्याच ओवाळा. काय फरक पडतो?"

आत्यांनी हातातलं तबक खाली ठेवलं. "निजलेल्या माणसाच्या उशाशी दिवा कधी लावतात, ठाऊक आहे ना तुला?"

अंगणात जमलेले शेजारी दोन पावलं मागे सरले.

"तो जिवंत आहे," आत्या म्हणाल्या. "बसव त्याला. जिवंत माणसासारखा बसव. मगच ओवाळीन, नाहीतर अशीच उपाशी राहीन."

आतून आप्पा म्हणाले, "मी बसतो रे. धरलंत तर बसेन. पण वर हे तुझं आहे ना!"

सगळ्यांनी माळ्याकडे बघितलं. हत्ती लटकला तरी न निघणारा माळा. आत्यांचा मुलगा महादू पहार घेऊन आला. आमचे हे थोडा वेळ नुसते त्या माळ्यावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "दे इकडे, मीच काढतो." आप्पांच्या अंगावर मी गोधडी धरली आणि यांनी पहार घातली. लाकूड किंचाळत होतं आणि यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. धुळीने असेल, असं त्यांचं म्हणणं. लग्न झाल्यापासून त्या माणसाची मला एवढी माया कधी आली नव्हती, हे मी कबूल करते. आम्ही आप्पांना हळूहळू, काखेत हात घालून, उठवून बसवलं. तर आत्या म्हणतात, "तोंड दक्षिणेला येतंय!" मग महादू आणि शेजारचे दोघेतिघे दांडीला लागले आणि आप्पांसकट अख्खा ट्रेलर फिरवून पूर्वेला तोंड केलं. काय ते दृश्य!

आत्या स्टुलावर चढल्या. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारीने ओवाळलं, मग निरांजन फिरवलं. आप्पांच्या कपाळावर घाम डवरला होता पण ते हलले नाहीत. "दुखतंय का रे?" आत्यांनी विचारलं. "नाही," आप्पा म्हणाले. ते धडधडीत खोटं होतं. मग नव्या तांदळाचा भात आणि उडदाची आमटी आली. दोघं बहीणभाऊ एकमेकांचं ताट बघत जेवले, एक बसून आणि एक आडवा.

परत येताना महादूने बर्थवर पेंढा घालून वर गोधड्या टाकल्या. माळा नव्हता, उरलेसुरले कप्पेही उपटून टाकले होते, पडदे मी काढून घेतले होते. आप्पा हायवेपर्यंत गाढ झोपले. तर भाच्या, मुख्य टीप ही: ज्याच्यासाठी सोय करतोयस त्याला आधी आत बसवून बघ, झोपवून बघ, मग हातात करवत घे. जागा ही सगळ्यात मोठी सोय. बाकी तुझ्या त्या जाळीच्या पिशव्या, घडीची टेबलं आणि चुंबकाची झाकणं हवी तेवढी लाव. त्यातून मी तुला वाचवू शकणार नाही.

ट्रेलर पुढे मंडपवाल्यानेच परत नेला. आमचे हे मात्र अजून पाहुण्यांना सांगतात की चाळीस वर्षांपूर्वीही आपण कॅराव्हॅन केली होती. चाळीस नाहीत, कमीच आहेत. पण खोटं बोलायचं तर काटकसर कशाला?

पुढच्या दिवाळीला आत्या नव्हत्या. पावसाळ्यात दमा वाढला आणि त्या गेल्या, आप्पांना शेवटचं भेटवता आलं नाही. भाऊबीजेच्या सकाळी आप्पांनी टोपी मागितली. म्हणाले, "मला जरा उठवून बसव. पूर्वेकडे." मी पाठीशी लोड लावून खाटेवर बसवलं. सून सासऱ्याला भाऊबीजेचं ओवाळत नाही. मी नुसती शेजारी उभी राहिले. ज्यांना पाच-दहा मिनिटांवर बसवायचं नाही ते आप्पा त्या दिवशी चहा गार होईपर्यंत ताठ बसून होते.