चांदीच्या डबीतला कागद

श्रीगजाननास आणि वाग्देवी शारदेस वंदन करून ही हकीगत लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की, आमच्या गल्लीत पुन्हा दहावीच्या परीक्षेचे दिवस आले आहेत. समोरच्या घरातील कन्या पहाटेपासून मोठ्याने सनावळ्या पाठ करते आणि तिच्या आवाजामुळे माझे संध्यावंदन वेळेवर होते.

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी हात जोडावेत की आधी हसावे, हे ठरत नाही.

नव्वदीतील ती सुरुवातीची वर्षे. तंजावुरात जागोजागी एसटीडीचे पिवळे फलक लागले होते, गच्च्यांवर केबलच्या तारा पसरू लागल्या होत्या, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी पॉलिटेक्निक व संगणक हे शब्द होते. मी नगर पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. आमचे घराणे मराठी राज्याच्या काळी इकडे आलेले. घरात मराठी, बाहेर तमिळ, आणि वडिलांच्या आग्रहाने लहानपणी पाठशाळेत संस्कृत. पोलीस खात्यात यांपैकी तमिळचाच उपयोग होत असे.

परीक्षेच्या काळात ठाण्याचा दिनक्रम बदलतो. हजेरी लवकर होते. प्रश्नपत्रिकांच्या पेट्यांबरोबर शिपाई द्यावे लागतात, केंद्राजवळची झेरॉक्सची दुकाने बंद करवावी लागतात, आणि देवळांच्या विश्वस्तांना ध्वनिक्षेपक हळू ठेवण्याची विनंती करावी लागते. हे शेवटचे काम माझ्याकडे असे. मी कपाळाला गंध लावून जात असे, म्हणून विनंती सहसा मानली जाई.

गणिताच्या पेपरच्या सकाळी नऊ वाजता दूरध्वनी वाजला. पुरुषाचा आवाज, नाव नाही. तो घाईने म्हणाला, "राजवाड्याजवळच्या मुलींच्या शाळेत प्रश्नपत्रिका फुटली आहे. एका मुलीजवळ गुप्त लिपीत लिहिलेली आहे. चांदीच्या डबीत ठेवते. रोज पेपरआधी उघडून बघते." फोन ठेवला गेला. ठेवण्याआधी मागे मीटर पडल्याचा खट्ट आवाज आला होता, म्हणजे बोलणारा एसटीडी बूथवर होता.

निनावी फोन करणारा माणूस एक तर सूड घेत असतो, नाही तर घाबरलेला असतो. सूड घेणारा नाव स्पष्ट सांगतो. याने मुलीचे नाव सांगितले नव्हते. मी दैनंदिनीत नोंद केली, हेड कॉन्स्टेबलला आणि एका महिला शिपायाला बरोबर घेतले आणि निघालो.

पावणेदहाला फाटकाशी झडती झाली. डबी सापडली. ती मुलीने लपवली नव्हती, गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली होती. आत तीन घड्यांचा, चहाच्या रंगाचा एक कागद. वर काही अक्षरे, खाली सहा-सात ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी आकडे व आकड्यांपुढे उभ्या-आडव्या रेघा.

हेड कॉन्स्टेबल मला तमिळ रीतीने 'अय्या', म्हणजे साहेब, म्हणे. तो माझ्या खांद्यावरून पाहत म्हणाला, "अय्या, हे नक्की सूत्र आहे. मला कळत नाही म्हणजे गणितच असणार."

मला मात्र पाहताक्षणी कळले की ही मोडी लिपी आहे. आमच्या पूर्वजांचे सगळे कागद याच अक्षरात. कळले एवढेच, वाचता एक अक्षर येईना. वेदमंत्र पाठ, अमरकोश पाठ, आणि आपल्याच पणजोबांचे हस्ताक्षर परके. त्या फाटकापाशी, गणवेशात, मला जी लाज वाटली ती आजवर कुणाला सांगितली नव्हती.

शाळेच्या मुख्याध्यापिका याच केंद्रप्रमुख होत्या. शिस्तीच्या, पण मनाने मऊ. त्या म्हणाल्या, "नियमाप्रमाणे हिला आत सोडता येत नाही."

मी म्हणालो, "बाई, कागद आपल्या हाती आला. तिचे डोके काही आपण जप्त केलेले नाही. लिहू द्या. उत्तरपत्रिका वेगळ्या पाकिटात ठेवा. खरे-खोटे संध्याकाळपर्यंत ठरेल."

त्यांनी मान्य केले, पण मुदत घातली. पाच वाजता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जिल्हा कार्यालयाकडे निघत. तोवर कागदाचा खुलासा झाला नाही, तर कॉपीचा शेरा मारणे त्यांना भाग होते. मग आजचा पेपर रद्द, विज्ञान आणि समाजशास्त्र बंद, आणि पुढची परीक्षा केव्हा देता येईल ते खाते ठरवणार. मुलीच्या डोळ्यांत पाणी होते, पण ती रडली नाही. पेन्सिलपेटी उचलून आत गेली.

अकरा वाजता गणिताचे पर्यवेक्षक धापा टाकीत आले. "सार्, हे बारा बघा. आजच्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर बारा. हे तीन बघा. नवव्याचे उत्तर तीन."

"आणि ही उभी रेघ?" मी विचारले.

त्यांनी बराच विचार केला. "ती मांडणी असेल."

हा गृहस्थ वाईट नव्हता. शोधायला निघालेल्या माणसाला सापडतेच. मलाही अनेकदा असेच सापडले आहे.

साडेबाराला घंटा झाली. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत, त्यांच्या व महिला शिपायाच्या समक्ष, मी मुलीला खुर्ची दिली, पाणी दिले आणि आपल्या मराठीत विचारले, "बाळे, हे काय आहे?"

मराठी ऐकून ती दचकली. मग हळू म्हणाली, "मंत्र आहे, मामा."

"कुठला मंत्र?"

"मज ठाऊक नाही."

"वाचून दाखव."

"मज वाचता येत नाही. आत्यासही येत नाही."

"मग जप कसा करतेस?"

"जप नाही करत. डोळ्यांस लावते. मग आत ठेवते."

माझ्या प्रश्नांनी ती गोंधळेल असे वाटले होते; उलट मीच गोंधळलो. जी वस्तू वाचताच येत नाही तिच्यावरून कॉपी कशी करायची? पण हे अहवालात लिहून भागणार नव्हते. ती खोटे बोलत असेल तर? तिला वाचता येत नाही, हे सिद्ध कसे करणार? सिद्ध करता येण्यासारखी गोष्ट एकच होती: कागदात काय लिहिले आहे ते.

मुलीचे आईवडील तिरुचीस नोकरीला. ती तंजावुरात आत्याकडे राहून शिकत होती आणि तिला पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्सला जायचे होते. आत्या टेलिफोन एक्स्चेंजात कामाला. निरोप जाताच त्या पाळी दुसरीवर सोपवून आल्या आणि खुर्चीवर बसण्याआधीच बोलू लागल्या.

"अण्णा, चोरीचे काय त्यात? आमच्या आजोबांच्या देवघरातला मंत्र तो. ओरत्तनाडूस यात्रेकरूंच्या छत्रात त्यांची चाकरी होती, तेथे कोण्या स्वामींनी दिला असणार. माझे वडील तो घेऊन परीक्षेस गेले, पास. मी खात्याच्या परीक्षेस नेला, पास. आमचा धाकटा भाऊ तेवढा विश्वास ठेवीना. इंग्रजीत नापास."

हेड कॉन्स्टेबलला मराठी कळत नव्हते. मी तमिळमध्ये सांगितल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "अय्या, माझा मुलगा पुढच्या वर्षी दहावीला आहे."

"उगे रहा," मी मराठीतच म्हणालो. त्याला ते कळले.

राजवाड्यामागच्या एका गल्लीत एक वृद्ध गृहस्थ राहत. जुने मोडी कागद वाचण्यात त्यांची हयात गेली होती. अडीच वाजता आम्ही सगळे जीपमधून त्यांच्या दारी उतरलो: मी, मुख्याध्यापिकाबाई, आत्या, मुलगी. पोलीस पाहून त्यांच्या सूनबाई घाबरल्या. वृद्ध मात्र कागद पाहून खूश झाले. हात धुऊन आले, भिंग घेतले, उजेडाकडे पाठ करून बसले.

"वर 'श्री' आहे," ते म्हणाले.

आत्यांनी हात जोडले. मुलीने जोडले. मीही जोडले. मुख्याध्यापिकाबाईंना भाषा कळत नव्हती, तरी त्यांनीही जोडले.

"तुरीची डाळ, बारा पडी."

पडी हे आमच्याकडचे धान्याचे माप. वीस हे वजनाचे. वृद्धांनी भिंग थोडे सरकवले.

"चिंच, तीन वीस. हिंग, पाव. गूळ... गूळ पुसला आहे. मेथी, अर्धा. केळीची पाने शंभर, वर दहा जास्त, फाटतात म्हणून. द्वादशीचे पारणे." भिंग खाली ठेवून ते म्हणाले, "हा छत्राच्या कोठीचा कागद. सांबाराचे सामान. लिहिणारा व्यवस्थित माणूस होता, पाने फाटतात हे त्याच्या ध्यानात होते."

आत्यांचे हात अजून जोडलेलेच होते. ते कुठे ठेवावेत, हे त्यांना सुचेना. तीन पिढ्यांनी जो डोळ्यांस लावला त्या कागदातून डाळ निघाली होती. मी मनात म्हटले, आता ही बाई रडणार.

वृद्धांनी पुन्हा कागदाकडे पाहिले. "शंभर पानांस डाळ जास्त आणि चिंच कमी धरली आहे, बाई."

आत्यांनी पदर सावरला. "आमच्याकडे आंबट कमीच खातात," त्या ताठ बसत म्हणाल्या.

त्या दिवसात मुलगी प्रथम हसली. मग मुख्याध्यापिकाबाईंना मी सारे तमिळमध्ये सांगितले, आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

वृद्धांकडून वाचनाचा लेखी दाखला घेतला. ठाण्यात बसून महजर लिहिला. पंचनाम्याला आमच्याकडे अजून हाच शब्द चालतो. त्यात मी लिहिले: 'सदर कागद शंभर पानांच्या जेवणाच्या सामानाची यादी असून, त्यातील बारा हा आकडा डाळीचा आहे.' पर्यवेक्षकांनी वाचून मुकाट्याने सही केली. साडेचार वाजता मुख्याध्यापिकाबाईंनी वेगळे पाकीट फोडून उत्तरपत्रिका इतरांच्या गठ्ठ्यात ठेवली.

मी डबी परत केली. काम संपले असे मला वाटले होते, पण मुलगी फाटकाशी थांबून राहिली. चेहरा सकाळपेक्षा उतरलेला.

"आता काय झाले?"

"मामा, मंत्र नव्हताच तो. आता विज्ञानास काय घेऊन जाऊ?"

आत्या काही बोलणार होत्या. मी हाताने थांबवले. "आज तू पेपर लिहीत होतीस, तेव्हा ही डबी कोणापाशी होती?"

"तुमच्यापाशी."

"माझ्या खिशात. पेपर कसा गेला?"

"एक प्रश्न सुटला नाही. बाकी सगळे आले."

"मग ते कोणी सोडवले? मी तर नाही. मला गणित येत नाही, हेड कॉन्स्टेबलला विचार."

तिचे ओठ हलत होते. सकाळचे एकेक उदाहरण मोजत असावी. मग डबी तिने आत्यांच्या हाती दिली आणि म्हणाली, "हे देवघरात ठेव. आणि लवकर चल, विज्ञानाचे तीन धडे उरले आहेत."

फोन करणाऱ्याचाही पत्ता दोन दिवसांनी बूथवाल्याकडून लागला. शेजारच्या बाकावरील मुलीचे वडील. मुलीने घरी सांगितले ते ऐकून घाबरलेला साधा माणूस. गुन्हा नोंदवला नाही, कॉफी पाजून घरी पाठवला. त्याने ऐकले ते खरेच होते. अर्थ लावताना चुकला. आम्ही पोलीस तीच चूक गणवेश घालून करतो.

निकाल लागला तेव्हा आत्या ठाण्यात पेढे घेऊन आल्या. मुलीला गणितात पंच्याण्णव गुण होते. हेड कॉन्स्टेबलने पेढा घेण्याआधी विचारले, "अय्या, त्या यादीची एक झेरॉक्स मिळेल का?"

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. कागद पुराव्याला लागतो, पण आधी माणूस वाचावा; मी मुलीला पेपर लिहू दिला नसता, तर तिला तिचेच बळ कधी दिसले नसते. दुसरी गोष्ट माझ्यापुरती. पुढच्याच महिन्यापासून दर रविवारी मी त्या वृद्धांकडे मोडी शिकायला जाऊ लागलो. पहिल्या परीक्षेत त्यांनी मला नापास केले. छत्रातल्या त्या अज्ञात कोठीवाल्याला मात्र मी रोज सकाळी नमस्कार करतो. शंभर माणसांच्या पोटाची इतकी निगुतीने काळजी वाहणाऱ्याचे हस्ताक्षर तीन पिढ्यांनी डोळ्यांस लावले, यात त्यांची फार मोठी चूक झाली असे मला वाटत नाही.

वाचकहो, आपल्या घरी यंदा कोणी परीक्षेस बसत असेल, तर शारदा त्याच्या बुद्धीत व लेखणीत वास करो. नसेल, तर अन्नपूर्णा आपल्या स्वयंपाकघरात सदैव वास करो, आणि आपल्या पंगतीत पाने नेहमी दहा जास्तच असोत. शुभं भवतु.