जिंकलेली शिफ्ट

लोखंडी खाटांच्या कारखान्यातल्या त्या वेल्डरला सगळे मास्तर म्हणत. शाळा त्याने अर्धवट सोडलेली. पण जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून स्वारी शिकवायला बसे. "मालकाला दुसऱ्या मालकाच्या पुढे जायचंय. म्हणून तो यंत्रं आणतो, माणसं कमी करतो, पगार दाबतो. खाटा वाढतात. पण घेणार कोण? आपणच ना? आपल्या खिशात खडखडाट! मग गोदाम तुंबतं आणि मंदी आली म्हणून आपल्यालाच घरी बसवतात."

"दादा, भाजी गार झाली," रंगखात्यातला धाकटा भाऊ म्हणे आणि सगळे हसत. आईवडील गेल्यावर मास्तरने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. एका खोलीत दोघेच राहत, जमिनीवर सतरंजी टाकून झोपत.

एक दिवस मॅनेजरने सांगितलं, दोन शिफ्टपैकी जी कमी खाटा काढेल ती बंद. दोघे भाऊ दिवसाच्या शिफ्टला. रात्रीच्या शिफ्टमधला प्रेसवाला मास्तरचा जुना दोस्त. त्याने मास्तरला गेटवर गाठलं. "दोन्ही शिफ्टनी सावकाश काम करायचं. तूच सांगत आलास ना, माल साठला की सगळेच मेलो?"

"हो तर," मास्तर म्हणाला. मनापासून म्हणाला. पण आत गेल्यावर भाऊ समोर दिसला आणि सगळी अक्कल गहाण पडली. मान मोडून कामाला लागला तो. जेवणाच्या सुट्टीतही उठेना. धडे बंद पडले. आता याला काय म्हणावं?

रात्रीची शिफ्ट बंद झाली. दोस्त भांडायलाही आला नाही, त्याने नुसती ओळख टाकली. भांडला असता तर बरं झालं असतं.

मग गोदाम भरलं, खाटा उघड्यावर आल्या, गंजल्या. दिवसाची शिफ्टही बंद झाली. थकलेल्या पगाराऐवजी प्रत्येकाच्या वाट्याला एक खाट आली.

भावाला दूरच्या शहरात हमाली मिळाली. पिशवी उचलताना तो म्हणाला, "दादा, तुझा धडा मला पाठ होता. वाटलं, तुलाही असेल."

"तुझ्यासाठी केलं रे."

"माहीत आहे. म्हणून तर भांडताही येत नाही."

तो गेला. खोलीत आता दोन खाटा आहेत, दोन्हींवर चादरी घातलेल्या. मास्तरला त्यांवर झोपवत नाही. दोन्हींच्या मधल्या जागेत सतरंजी धड पसरत नाही, तरी तो तिथेच अंग मुडपून पडतो.