बुधवारच्या पाच टिकल्या

आमच्या आईला काही समजावून सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं मी परवापरवापर्यंत येईल-जाईल त्याला सांगायचे. एक गोष्ट तीनदा विचारते. बरं, उत्तर दिलं की चौथी निघते. माझं डोकं फिरायचं.

बेल्ह्याला आमचं घर बाजारतळाच्या रस्त्यावरच आहे. घरात आम्ही दोघीच. मी पुण्यातल्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते, एरवी घरूनच. आईचे सांधे धरले, बोटं वाकेनात, तेव्हा नारायणगावच्या डॉक्टरांनी तिला एक गोळी लावली. छोटी, पिवळी. आठवड्यातून एकच घ्यायची, रोज घेतली तर जिवावर बेतेल, हे त्यांनी मला दोनदा बजावलं. मला, आईला नाही. ती मागं बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. वार तुम्हीच ठरवा म्हणाले. मी बुधवार ठरवला, कारण बुधवारी मला मीटिंगा नसतात आणि आठवणीनं गोळी देता येईल.

आणि नेमकं त्याच आठवड्यात ऑफिसनं फर्मान काढलं की महिनाभर पुण्यात येऊन बसा. घरी यायचं फक्त रविवारी. आता आईला बुधवार कळायचा कसा? भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायला जागा होती कुठं? गाय कधी भरवली, गॅस कधी लावला, कुणाच्या बारशाला जायचंय, सगळं तिनं तिथं गिरगटून ठेवलेलं. त्यात पंचांग, त्यात जाहिराती. मी म्हटलं, थांब, तुला स्वच्छ कागद काढून देते.

लॅपटॉपवर कमांड लिहायची काळी खिडकी उघडली, सी-ए-एल एवढी तीन अक्षरं टाकली, एंटर दाबलं. अख्खा महिना समोर हजर. मला ही कमांड फार आवडते. ना राशिभविष्य, ना पाककृती, नुसते आकडे. मोठ्या अक्षरात छापून आणला आणि चुलीच्या खोलीत भिंतीला चिकटवला.

झालं, आईचं सुरू. यात चतुर्थी कुठाय? नाही. अमावास्या? तीपण नाही. मग ह्याला कॅलेंडर कशाला म्हणायचं? मग तिनं कागदाच्या डाव्या कडेवर बोट फिरवलं आणि विचारलं, "आन वार कुठायत?"

"वर आहेत. इंग्रजीत."

"वर कसे? वार बाजूला असत्यात."

माझी बस सुटायला अर्धा तास राहिला होता. मी तडकलेच. "आई, तू वार बघूच नकोस. तू फक्त टिकली बघ." तिच्याच पाकिटातल्या लाल टिकल्या घेतल्या आणि महिन्याचे पाचही बुधवार त्यांनी झाकून टाकले, आकड्यांसकट. एक टिकली काढायची, एक गोळी घ्यायची, संपला विषय. ती बरं म्हणाली. मला वाटलं, सुटले एकदाची.

बुधवारी फोन केला, आज पहिली टिकली काढ म्हटलं. घेतली म्हणाली. शुक्रवारी विचारलं, गोळी घेतली होतीस ना? घेतली म्हणाली. शनिवारी स्वतःच म्हणाली की तोंड आलंय, भाकरी गिळवत नाही. मी तिच्यावरच उखडले. मिसरी लावत असशील, किती वेळा सांगितलं सोड म्हणून.

रविवारी सकाळी घरी पोचले तर ती भिंतीपाशी उभी, हातात पाण्याचा तांब्या. ओठ फुटलेले. कागदावर वरून खाली चार टिकल्या निघालेल्या होत्या. पाचवीला तिनं नख लावलं होतं.

काय झालंय ते मला तिथंच उमगलं. आपल्या घरोघरच्या कॅलेंडरवर वार डाव्या बाजूला एकाखाली एक असतात आणि तारखा वरून खाली उतरतात. रविवार, खाली सोमवार, खाली मंगळवार. आई जन्मभर तशीच उतरत आली. तिच्या डोळ्याला एकाखाली एक पाच टिकल्या म्हणजे ओळीनं पाच दिवस. आणि माझ्या कागदावर वार वर होते, तारखा आडव्या चालल्या होत्या. आकडे वाचून तिला शंका आली असती, तर ते मीच झाकून ठेवले होते.

तिच्या मुठीतली गोळी हिसकावून घेतली, शेजारच्यांच्या गाडीत तिला घातलं आणि नारायणगाव गाठलं. रक्तातल्या पेशी उतरल्या होत्या. उतारा म्हणून इंजेक्शनं, सलाइन. आठ दिवस ती तिथं होती आणि पहिले चार दिवस डॉक्टर माझ्याशी नीट बोलेनात. पाचवी पोटात गेली असती तर, एवढंच म्हणाले आणि वाक्य अर्धंच सोडलं. आई पलीकडून त्यांना सांगत होती, "तिचं काय न्हाई चुकलं सायेब. मलाच कळत न्हाई." मी भिंतीकडं तोंड करून रडले.

घरी आल्यावर मी त्या कमांडची माहिती पहिल्यांदा वाचली. इतकी वर्षं वापरतेय, कधी वाचली नव्हती. तिच्याआधी एक एन लावला की तोच महिना उभा होतो. वार डाव्या बाजूला, तारखा वरून खाली उतरत्या. आमच्या भिंतीवर असतो तसाच. एका अक्षराचं काम होतं. मी छापला, डाव्या कडेला मराठीत वार लिहिले, आईला दिला. तिनं बोटानं दोन ओळी उतरून बघितल्या आणि कागद परत केला.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी तीच गोळी थोड्या कमी ताकदीची पुन्हा लावली. या वेळी वार आईनं ठरवला. बाजारचा. त्या दिवशी पहाटेपासून आमच्या दारावरून जनावरांचे टेम्पो जातात, ते ऐकले की ती गोळी घेते. कागद लागत नाही.

एकदा न राहवून विचारलंच. रोज गोळी घेताना तुला शंका नाही आली?

"आली की. डागतर आठवड्याचं कायतरी म्हनत व्हते, आयकू आलं व्हतं मला. पन तू मशिनीतून काढलेलं, म्हनलं चुकायचं न्हाई."

"मग मला विचारायचं नाही का, आई?"

ती लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "इचारलं व्हतं. वार कुठायत म्हनून. तू चिडलीस."