दोन्ही बाजू लाल

मित्रहो, आज मुलुंडला ज्येष्ठांच्या टेबल टेनिस स्पर्धेत पंच म्हणून मी सुमनताईंची बॅट नाकारली. कॉलेजातल्या बॅटला त्यांनी हौसेने नवी रबरे लावली होती. पूर्वीसारखी, दोन्ही लाल.

"दुसरी बॅट हातात बसत नाही हो," त्या हळूच म्हणाल्या.

मी समजावले, "दोन्ही रबरांची फिरकी वेगळी असू शकते. फटका कोणत्या बाजूचा, हे समोरच्याला दिसावे म्हणून एक बाजू काळीच हवी."

"मला चालेल, खेळू दे तिला," प्रतिस्पर्धी नीलाताई म्हणाल्या.

"नियम सर्वांसाठी आहे, ताई."

"मग माझ्याकडचं जादाचं काळं रबर लाव गं, सुमन. मूठ तुझीच राहील."

मी सामना शेवटी ठेवला. नीलाताईंनी स्वतः रबर चिकटवून दिले, आणि त्याच बाजूच्या फटक्यांवर त्या हरल्या.

तुमच्यासाठी असे रबर कुणी चिकटवले आहे का?