बेकरीतलं इटालियन

कॉलेजचं एक सत्र मी इटालियन शिकायला इटलीतल्या पेरुजा शहरात होते. कोपऱ्यावरच्या बेकरीतली बाई माझा सावळा चेहरा पाहिला की इंग्रजीच सुरू करायची. मी पाव इटालियनमध्ये मागितला, तरी उत्तर इंग्रजीत.

एका सकाळी मी हट्टालाच पेटले. "माझ्याशी इटालियनमध्ये बोला," मी तिच्या भाषेत म्हणाले. मागची रांग चुळबुळली.

"तुला सोपं जावं म्हणून गं," ती इंग्रजीतच म्हणाली.

"सोपं नकोय मला. चुकेन, पण इटालियनमध्येच चुकेन."

पाव कागदात गुंडाळता गुंडाळता तिने माझं चुकलेलं क्रियापद सुधारलं, इटालियनमध्ये. माझे कान तापले. पण वाटलं, परक्याला गोड बोलून दाराबाहेरच ठेवता येतं. चुका मात्र आपल्या माणसाच्या काढतात. मी ते वाक्य सुधारून पुन्हा म्हणाले, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं.