पालथी पायरी

मला राग आला की तो जात नाही. नवरा म्हणतो, तुझा राग लोणच्यासारखा आहे, ठेवशील तितका मुरतो. तो थट्टेने म्हणतो, मला ते कौतुक वाटतं. ऑफिसातल्या बायका सांगतात की सोडून द्यावं, मन हलकं होतं. मी आजवर जे जे सोडून दिलं त्याने माझं मन कधी हलकं झालं नाही, समोरच्याचं मात्र झालं. म्हणून आमच्या सरपंचाचं मी सोडून दिलं नाही. जे केलं ते लिहिते आहे. पश्चात्ताप वाचायला मिळेल या आशेने कुणी बसलं असेल तर त्याने आत्ताच उठावं.

मी राहते जुळे सोलापुरात. माहेर शहरापासून तासाभरावर, अक्कलकोटच्या अंगाला. तिथे गाव वेगळं आणि आमची वस्ती वेगळी. वस्ती काळ्या दगडाच्या खाणीच्या काठावर, खाणीसाठीच वसलेली, म्हणून तिला खाणवस्तीच म्हणतात. वडील सुरुंग लावायचे, आई खडी फोडायची. सोलापुरातल्या कितीतरी रस्त्यांखाली आईने फोडलेली खडी आहे. खड्डे पडतात ते वरच्या कामामुळे, खडीमुळे नव्हे, हे मी रिक्षावाल्यांनाही ऐकवते.

मग खाणीच्या तळाला झरा फुटला. मालकाने थोडे दिवस पंप लावून पाहिले, नंतर पंप उचलले आणि माणसं तिथेच ठेवून निघून गेला. खड्डा काठोकाठ नाही, पण निम्मा भरला. त्याच वर्षी वडील गेले. ज्या झऱ्याने वस्तीची भाकरी घालवली त्याचंच पाणी वस्ती पिऊ लागली, कारण ग्रामपंचायतीचा नळ शाळेच्या कोपऱ्यापर्यंत यायचा आणि तिथेच संपायचा. शाळेच्या अलीकडे गाव, पलीकडे आम्ही. मतदार यादीत आम्ही गावातले होतो, नळाच्या बाबतीत नव्हतो.

आता पायरीबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या वस्तीत घर पत्र्याचं असो की कुडाचं, दारापुढची पायरी मात्र एका अखंड दगडाची असते, आणि ती त्या घरच्या पुरुषाने स्वतः खाणीतून काढून स्वतः घडवलेली असते. लग्न ठरवायचं, वाटणी करायची, भांडण मिटवायचं, तर बोलणारा पायरीवर उभा राहून बोलतो. अंगणात बोललेलं वाऱ्यावर गेलं तरी चालतं, पायरीवरचं नाही. पायरीवर दिलेला शब्द कुणी मोडला, तर ज्याच्या पायरीवर दिला ते घर आपली पायरी उखडतं आणि शब्द मोडणाऱ्याच्या दारात नेऊन पालथी टाकतं. मग ती ओलांडून कुणी आत जात नाही की बाहेर येत नाही. मागच्या दाराने काय ते चालतं. दुखावलेलं घर जे मागेल ते त्याने द्यायचं, आणि पायरी आपल्या हाताने परत बसवायची. तोवर दुखावलेल्या घरालाही पायरीवाचून राहावं लागतं, दारातून उतरताना रोज लाज वाटते, म्हणून कुणी सहसा त्या थराला जात नाही. मी लहानपणी एकदाच पाहिलं होतं. साखरपुडा मोडणाऱ्याच्या दारात पायरी पडली होती, आणि त्याची आई परसातल्या कुंपणातून ये-जा करत रडत होती.

सरपंच आमच्याच वस्तीतला. दोन घरं सोडून राहायचा, वडिलांबरोबर काम करायचा. पुढे मुकादम झाला, मग ट्रॅक्टर घेतला, मग गावात चौकात स्लॅबचं घर बांधलं. मी त्याला काका म्हणायचे. आता म्हणत नाही.

निवडणुकीच्या आधी तो आईकडे आला. मी त्या रविवारी तिथेच होते. वस्ती मत कुणाला देणार हे आईच्या शब्दावर बरंचसं ठरतं, कारण बायका तिचं ऐकतात आणि पुरुष बायकांचं ऐकत नसल्याचं नाटक करतात. आईने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "भावजी, पायरीवर उभं राहून बोला." तो हसला, चप्पल काढली आणि वडिलांनी घडवलेल्या पायरीवर उभा राहिला.

"वयनी, निवडून आलो की पहिला पाइप खाणवस्तीला. पहिला नळ तुमच्या दारात. गावाचं मागनं बघू."

अंगणात उभा राहून बोलला असता तर आज सुखात असता. पण मतं पायरीशिवाय मिळणार नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, खाणीतलाच माणूस तो. वस्तीने एकगठ्ठा मतं दिली. गुलाल उधळला, हलग्या वाजल्या. नवा पाइप आला तो त्याच्या मळ्याकडे वळला आणि आमच्याकडे शाळेच्या कोपऱ्यावर थांबला. वस्तीकडे चढ आहे, पाणी चढत नाही, हे त्याने सांगितलेलं कारण. मळा त्याहून उंचावर आहे. तिथे पाणी कसं चढलं, असं मी विचारलं तर म्हणाला, "तू शिकलेली हाईस, तुला टेक्निकल कळायचं न्हाय." या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

आई खाणीत उतरत राहिली. मी तिला माझ्याकडे आणायचा प्रयत्न केला तर म्हणाली, "तुमच्या शेरात तरी कुटं रोज पानी येतंय?" आमच्या सोसायटीतही बादल्या भरून ठेवाव्या लागतात. मग उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं, खालची शेवाळलेली वाट उघडी पडली आणि आई घागरीसकट घसरली. खुब्याचं हाड मोडलं. सोलापुरात दवाखान्यात ठेवलं, ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिने आधी घागर फुटली का ते विचारलं. पितळेची घागर फुटत नाही, तिला पोचा येतो. पोचा आला होता.

सरपंच भेटायला आला, शहाळं घेऊन. खाटेशेजारी उभा राहून मला म्हणाला, "ह्या वयात कशाला खाणीत उतरायचं म्हनतो मी? तुमी पोरांनी लक्ष द्यायला नगं का?"

शहाळं मी दवाखान्याच्या मावशीला देऊन टाकलं. त्या दिवशी माझ्या मनात जे बसलं ते हाडाबरोबर जुळून आलं नाही. अर्ज मीही केले, तालुक्याला चकरा मारल्या. सगळीकडे मला बसायला खुर्ची मिळाली आणि बाकी काही नाही. मला तसाही नुसता नळ पुरणार नव्हता. त्या माणसाची मान खाली गेलेली मला बघायची होती, वस्तीदेखत, गावादेखत. रात्री भाकरी थापताना मी पिठाला जे मारत होते ते पाहून नवऱ्याने स्वयंपाकघरात यायचं सोडलं होतं.

ग्रामसभेची दवंडी हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर येते. ती आली तेव्हा मी आईला विचारलं, पायरी काढू का? आई वस्तीवर परत आली होती आणि अंगणात बाजेवर पडून होती. म्हणाली, "मला पानी पायजे. भांडान नगं." थोड्या वेळाने ती कूस न बदलता म्हणाली, "काढायची तर काड. तुज्या बापाची हाय, सांबाळून काड."

वस्तीतल्या जाणत्या माणसांत आधी वाद झाला. रिवाजाप्रमाणे पायरी त्याच्या घरच्या दारात पडायला हवी. मी म्हटलं, शब्द त्याने शेजारी म्हणून दिला नव्हता, सरपंच व्हायला दिला होता. त्याचं दार म्हणजे ग्रामपंचायत. म्हातारे बराच वेळ विड्या ओढत बसले. शेवटी एक जण म्हणाला, "बराबर हाय की. पोरीचं बराबर हाय." मग पहारी आल्या. वडिलांचा दगड जागचा हलताना मला भडभडून आलं, पण मी रडले नाही, रडण्यात राग वाया जातो.

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीच्या एकुलत्या एका दारात पायरी पालथी पडली. त्या कार्यालयाला मागचं दार नाही. माळशिरसकडून बदलून आलेला ग्रामसेवक आला, दगडाकडे बघून "हे काय नवीन?" म्हणाला आणि टांग टाकून आत गेला. त्याला काय माहीत. आत पंखा लावून तो एकटाच बसला. बाहेर मात्र गर्दी साठत गेली. सदस्यांपैकी तिघे मूळचे वस्तीचे, ते दगड पाहून लिंबाखाली जाऊन उभे राहिले. शिपाई वस्तीचा, त्याने झाडू बाहेरच ठेवला. गावातल्यांनाही एव्हाना समजलं होतं. त्यांना कसली बंधनं नव्हती, पण पुढे काय होतंय ते बघायचं सोडून आत कोण बसणार?

सरपंच गाडीतून उतरला. पांढरे कपडे, हातात दोन मोबाइल. दारापर्यंत तोऱ्यात आला आणि दगडावर नजर पडली तसा थबकला. कुणाची पायरी आहे हे त्याला विचारावं लागलं नाही. वडिलांच्या छिन्नीची तिरपी रेघ वस्तीत सगळ्यांना ओळखू येते.

"कुनी केलं हे?"

"मी," मी म्हटलं.

"हे सरकारी आफिस हाय. हितं असलं चालत न्हाय."

"मग जावा की आत. आडवलंय कुनी?"

आतून ग्रामसेवक म्हणाला, "या साहेब, दगडच तर आहे!"

सरपंचाने पाय उचलला. खरोखर उचलला, मी पाहिलं. तो पाय क्षणभर अधांतरी राहिला आणि मग होता तिथेच खाली आला. मला इतकं बरं वाटलं की ओरडावंसं वाटलं. माणसाने स्लॅबचं घर बांधलं, गाडी घेतली, मळ्यात पाइप नेला, तरी पाय खाणवस्तीतच होता.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "बोल, काय पायजे?"

"राजीनामा," मी म्हटलं. कित्येक महिने हा शब्द मी तोंडात घोळवत होते.

पण विड्या ओढणाऱ्यांपैकी तोच म्हातारा मधे पडला. पायरी ज्याची, मागणीही त्याची, सासरी गेलेल्या लेकीची नव्हे. रिवाजाचा आधार घेऊन मी इथवर आले होते, आता तो नाकारता येईना. सगळे वस्तीकडे निघाले. सरपंच पुढे, मागे माणसं, सगळ्यात मागे वही काखेत मारून गोंधळलेला ग्रामसेवक. मी वाटभर चडफडत होते. मला आई माहीत होती. ती नळ मागणार, तो हो म्हणणार, महिन्याभराने थोडा पाइप टाकून मोकळा होणार, आणि वर सत्काराला उभा राहणार. माझा सगळा सूड चहाच्या एका कपात विरघळणार.

आई बाजेवर उठून बसली होती. सरपंच तिच्यापुढे उभा राहिला. मान खाली.

"वयनी, चुकलं. नळ देतो. पंधरवड्यात देतो. वस्तीदेकत सांगतो."

आईने लुगड्याचा पदर सारखा केला.

"नळ तर तुमी देनारच, भावजी. तो देनं तुमचं कामच हाय. मी मागते ते निराळं. नळ येस्तवर माजं पानी तुमी भरायचं. खाणीतनं. रोज."

"गडी लावतो की वयनी, दोन गडी..."

"गडी न्हाय. तुमी."

कुणी हसलं नाही. त्याने आजूबाजूला पाहिलं. मग दोन्ही मोबाइल ग्रामसेवकाच्या हातात दिले, चपला काढल्या आणि पोचा आलेली घागर उचलली. आम्ही सगळे काठावर जाऊन उभे राहिलो. तो शेवाळल्या वाटेने उतरला, हाताने कातळ धरत, पाठीला कणा नसल्यासारखा वाकून. दोनदा घसरला. वर येईतो पांढरा सदरा छातीशी चिकटला होता आणि खांद्यावरच्या घागरीतून पाणी मानेवर गळत होतं. वस्तीतल्या बायका, ज्यांनी आयुष्यभर हे केलं, त्या पदर तोंडाला लावून बघत होत्या. मी पदर लावला नाही. मला पुरेपूर बघायचं होतं.

त्याने घागर बाजेशी ठेवली. धापा टाकत उभा राहिला. मला वाटलं आता आई म्हणेल, बास झालं, बसा, चहा घ्या. जन्मभर ती तेच म्हणत आलेली. राग काय तो माझाच, असं मी समजत होते.

आईने घागरीत हात घातला, ओंजळभर पाणी वर काढून उजेडात धरलं. नीट पाहिलं. मग घागरीच्या काठाला धरून, खुबा दुखत असताना, तिने ती सगळी घागर जमिनीवर आडवी केली. पाणी त्याच्या पायावरून वाहत गेलं.

"गढूळ हाय, भावजी," ती म्हणाली. "दुसरी आना."

त्याने माझ्याकडे पाहिलं. शिकलेली आहे, काही तरी बोलेल, आईला समजावेल, अशी त्याला आशा असावी. मी पुढे झाले, रिकामी घागर उचलली आणि त्याच्या हातात दिली.