धोबीपछाडाचं अर्धं पान

परवा आमच्या वस्तादांची नात रुबीना माझी जुनी वही घेऊन आली. वही उघडताच पानांत अडकलेल्या लाल मातीचा, तेल-हळदीचा वास आला आणि मी थेट कळस गावच्या तालमीत जाऊन बसलो.

तेव्हा मी तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो. वस्तादांना लिहिता येत नव्हतं. "गुरुजी, मी गेलो की माझं डाव बी जातील. तेवढं लिवून ठिवा," अशी त्यांनी गळ घातली. मग रोज शाळा सुटली की मी आखाड्याच्या कडेला वही घेऊन बसू लागलो.

धोबीपछाडापाशी गाडी अडली. "हात धरला, कंबर खाली घातली. मग?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

वस्ताद वैतागले. "तोंडानं न्हाय सांगता येत. हितं या."

मी चपला काढून आत गेलो आणि कळायच्या आत त्यांच्या खांद्यावरून मातीत आदळलो. हातातली वहीही पडली. माझेच विद्यार्थी खो-खो हसले.

"आता लिवा," वस्ताद म्हणाले.

पुढचे डाव मी लिहिले, पण ते पान रागानं तसंच सोडलं.

रुबीना आता बारामतीत मॅटवर कुस्ती खेळते. तिनं नेमकं तेच पान काढलं. "कंबर खाली घातल्यावर मग काय, गुरुजी? पुढचं लिवलंच न्हाय तुमी."

बाकीचे डाव मला वहीत बघूनच सांगता येतात. हा एकच अंगात राहिलाय. मी चष्मा काढून ठेवला.

"तोंडानं नाही सांगता येत, पोरी. धर माझा हात."